वाळवंटातले पाच खडे

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी दोन वर्षं सात दगड सांभाळले. हसायचं नाही! ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मुलुंडला राहायचो आणि माझं कॉलेज घाटकोपरला. सरांनी राजस्थानच्या वाळवंटातून लिंबाएवढ्या पांढऱ्या गारगोट्या आणल्या होत्या. वरून बघाल तर ठणठणीत कोरड्या. उलट्या केल्या की जमिनीत रुतलेल्या बाजूला हिरवा पापुद्रा दिसायचा. ते शेवाळ होतं, पण नुसत्या डोळ्यांना सुटे दिसणार नाहीत इतक्या बारीक जिवांचं.

उघड्यावर हे जीव उन्हानं करपून गेले असते. गारगोटीखाली मात्र ऊन गाळून पोचतं, अन्न तयार करायला पुरेल एवढंच. पहाटेचं दव तिथे जरा जास्त टिकतं, तेवढ्यात हे आपलं जेवण उरकून घेतात. पाणी संपलं की काम बंद. मग महिनोन् महिने मेल्यासारखे पडून राहतात. पाणी मिळाल्यावर ते किती वेळात जागे होतात, हे मला मोजायचं होतं, आणि त्यासाठी दगड आधी वर्षभर कोरडे ठेवायचे होते. पावसाळ्यात आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतींना ओल यायची. म्हणून मी ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घातले, झाकणाला चिकटपट्टी लावली आणि घरी कपाटावर ठेवले. दिवाळीपर्यंत प्रबंध द्यायचा आणि मग नोकरी बघायची, असं लग्नातच ठरलं होतं.

एकदा सासूबाईंनी विचारलं, "एवढं काय गं आहे त्या डब्यात?"

"दगड आहेत, आई. पण जिवंत आहेत हं," मी घाईघाईत म्हटलं आणि चप्पल घालून निघाले.

आमच्याकडे गौरी खड्यांच्या असतात. पाणवठ्यावरून पाच खडे आणायचे, तेही मुक्यानं, वाटेत कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. सासूबाई दरवर्षी शेजारच्या वाडीतल्या विहिरीवरून आणायच्या. त्या वर्षी ती विहीर बुजवून तिथे इमारत उठत होती. गौरीच्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले तर ताम्हनात माझ्या सातांतले पाच दगड! चिंचेनं आणि काथ्यानं घासून लख्ख केलेले, हळदकुंकू लावलेले, शेजारी तेरड्याची रोपं. पाणवठा म्हणजे आमच्या मोरीतला नळ.

मी मुळातच तापट. शेजारच्या दोन बायका बसल्या आहेत हेही बघितलं नाही. "आई, वाट लावलीत माझी! दीड वर्षाचं काम घासून टाकलंत!" मग नवऱ्याकडे वळले. "आणि तू समोरच बसला होतास ना रे? तोंड शिवलं होतं का तुझं?"

"अगं, ती गौर आणत होती," तो बिचारा म्हणाला. "मधे बोलणार कसं?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "खडे काय, रस्त्यावरही मिळाले असते. तू जिवंत आहेत म्हणालीस, म्हणून हे घेतले."

तरी मी माफीही मागितली नाही. दुसऱ्या दिवशी घावन-घाटल्याचा नैवेद्य झाला, तोही मी तोंड फुगवून जेवले. आज आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी विसर्जन. सासूबाईंनी फुलं आणि तेरडा तेवढा पिशवीत भरला, आणि खडे धुवट फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. "कॉलेजात घेऊन जा. बघ काही उरलंय का."

नवरा चपापला. "आई, अगं विसर्जन?"

"ते माझं मी बघीन," त्या म्हणाल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर चिंचेला आणि काथ्यालाही पुरून उरलेले जीव खाचाखाचांत हिरवेगार बसले होते. मला रडूच आलं. सर म्हणाले, "पहिला प्रयोग गेला. पण खाचेतून हे परत कसे पसरतात, ते बघता येईल. मात्र हेच पाच दगड लागतील, आणि बरेच महिने." दिवाळीची मुदत तर गेलीच होती. घरी मी विषय काढायच्या आत सासूबाईंनीच नवऱ्याला बजावलं, "हिची नोकरी पुढच्या वर्षी."

दिवाळीत नवऱ्याला कावीळ झाली, चांगलीच. सासूबाई पथ्याचं करायच्या आणि उरलेला वेळ देवासमोर बसून राहायच्या. अन्नावरची वासना उडाली होती त्यांची. आईचा जीव, मी समजले. तो बरा झाला. होळीनंतर माझा प्रबंध सादर झाला, यथावकाश पदवी मिळाली, पेढे वाटले. दगड कॉलेजातल्या खणात पडून राहिले. मी तर विसरूनही गेले होते.

भाद्रपद लागला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "तुझं त्या खड्यांचं काम झालं का गं?"

"कधीच झालं, आई. का हो?"

"मग घेऊन ये. गौरीचं विसर्जन राहिलंय."

पुजलेली गौर वर्षभर पाण्यात गेली नव्हती. मुलगा अंथरुणाला खिळला होता तेव्हाही या बाईच्या डोक्यात तेच घोळत असणार, आणि मला पत्ता नाही. माझा आवाज चढला. "अहो आई, त्याच्या काविळीत तरी सांगायचंत! त्याच दिवशी धावत आणून दिले असते मी."

"दिले असतेस, माहीत होतं मला," त्या म्हणाल्या. "मग तुझं शिक्षण राहिलं असतं."