शिल्लक जागेचा मोर

नाव: श्री. निवृत्ती पुंजाराम दिवटे. मूळ गाव: येवला. हल्ली मुक्काम: पंचवटी, नाशिक. पद: संगणक चालक. नोकरीचे स्वरूप: तात्पुरते. नोकरीचा कालावधी: नऊ वर्षे. वर्तणूक: समाधानकारक. कौशल्य: टंकलेखन, इंग्रजी व मराठी. अन्य कौशल्य: निरंक.

गोदाकाठ सहकारी बियाणे पुरवठा संघाच्या दप्तरी १९८७ साली हे वर्णन असं होतं. शेवटच्या रकान्यात खरं तर ‘मोर’ लिहायला हवं होतं, पण सहकारात तशी पद्धत नाही.

मोर घरातूनच आलेला होता. येवल्याला घरात हातमाग होता. वडील पुंजाराम चौकटीच्या कागदावर एकेक घर मोजून बांगडी मोर काढत, म्हणजे बांगडीसारख्या गोल वेलीत बसवलेला मोर, आणि मग तो पैठणीच्या पदरात उतरवत. निवृत्तीला घरं मोजणं उत्तम जमे. रेशीम मात्र त्याच्या हातात आलं की तुटे. वर्षभर तुटलेलं रेशीम बघून पुंजारामांनी त्याला नाशिकच्या एसटीत बसवलं. “टायपिंग शीक,” ते म्हणाले. “तिथं फाटला तर कागद फाटंल. पण एक ध्यानात ठेव. मोरात थोडं चुकलं तरी चालतंय, काठ तुटला की बाई लुगडं परत आणती.”

टायपिंगशी या उपदेशाचा काय संबंध, हे निवृत्तीने विचारलं नाही. त्याने तो नुसता पाळला. रविवार कारंज्याजवळच्या टायपिंग क्लासात बाकीची मुलं अर्ज टाइप करायला शिकत होती, तेव्हा याने इंग्रजी एक्स आणि ओ जोडून मोर टाइप केला. चारी बाजूंनी काठ. सर म्हणाले, “दिवटे, हे टायपिंग आहे की नक्षीकाम?”

“सर, अजून ठरलं नाही,” निवृत्ती प्रामाणिकपणे म्हणाला.

ते ठरायला पुढे बरीच वर्षं लागली. तो संघात टंकलेखक म्हणून तात्पुरता चिकटला आणि तात्पुरताच राहिला. मग संघात संगणक आला. एक मुख्य यंत्र, त्याला जोडलेले तीन टर्मिनल आणि माणसांना कधी मिळाली नव्हती अशी थंड खोली. सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या. यंत्राला कुंकू लागलं. पुण्याहून आलेल्या इंजिनियरने निवृत्तीला शिकवलं, की टर्मिनलवर बसून आपलं नाव घातलं, की पडद्यावर आधी यंत्राची माहिती येते: यंत्राचं नाव, एकूण मेमरी, आत कोण कोण काम करतंय आणि डिस्कवर जागा किती शिल्लक आहे. डाव्या कोपऱ्यात चार ओळी. बाकी सगळा पडदा काळा, रिकामा.

“या पानावर आणखी काही घालता येतं?” निवृत्तीने विचारलं.

“काहीही घाला,” इंजिनियर म्हणाला आणि पुण्याची गाडी गाठायला निघून गेला.

निवृत्तीच्या दृष्टीने तो पडदा म्हणजे चौकटीचा कागदच होता, फक्त उभा आणि फुकटचा. आठवड्याभरात व्यवस्थापक खंडेराव मोगल टर्मिनलवर बसले, की त्यांच्यासमोर ऐन पडद्याच्या मधोमध हिरव्या अक्षरांचा बांगडी मोर उभा राहू लागला. चारी बाजूंनी काठ, आणि यंत्राची माहिती काठाच्या आत, मोराच्या डोक्याशी. मालाची नोंद ठेवणाऱ्या सुमनबाईंना काठावरच्या मुनिया मिळाल्या, म्हणजे छोटे पोपट. यावरून पहिलं वादळ झालं.

“साहेबांना मोर आणि मला पोपट? मी काय फार बोलते का, दिवटे?”

“नाही बाई. मुनिया फार नाजूक असते.”

“म्हणजे मी जाड आहे म्हणून टोमणा?”

दोन दिवस सुमनबाई त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्यामुळे कार्यालयात जी शांतता झाली, तिच्यावरून पोपटांचा निर्णय बरोबर होता असं खंडेरावांचं खाजगी मत पडलं.

खरी अडचण वेगळीच होती. शिल्लक जागेचा आकडा कधी लांब येई, कधी आखूड. आकड्याचं एक घर कमी झालं, की त्या ओळीचा उजवा काठ आत सरके. रोज सकाळी तो तुटका काठ बघून निवृत्तीला जेवण जाईना. शेवटी त्याने विचारपूर्वक निर्णय घेतला. जी माहिती कधी बदलत नाही ती ठेवली, जी बदलते ती काढून टाकली. काठ सरळ झाला. रिकाम्या झालेल्या जागेत त्याने मोराची मान थोडी लांबवली.

याच सुमारास त्याच्या कायम होण्याचा विषय निघाला. घरी शकुबाईने देव पाण्यात ठेवले. “लग्नाला आठ वर्षं झाली,” ती शेजारणीला सांगे. “मी कायम, नवरा तात्पुरता.”

शिफारस तपासणी समितीचे अध्यक्ष भिमाजी पगारे यांच्या हातात होती. कळवणचे निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गुरुजी आले, चपला काढून खोलीत बसले आणि म्हणाले, “आमच्या कळवणची कांद्याच्या बियाण्याची मागणी माझ्यासमोर नोंदवा पाहू.”

सुमनबाईंनी नोंदवली. यंत्राने घेतली नाही. परत नोंदवली. परत नाही.

“जागा नाही म्हणतंय,” सुमनबाई म्हणाल्या.

“आहे की एवढी खोली.”

“आतली जागा, गुरुजी. आत भरलंय.”

“मग किती भरलं, किती उरलं, हे आधी कुठं दिसत नाही?”

खंडेरावांनी निवृत्तीकडे पाहिलं.

“पूर्वी दिसायचं,” निवृत्ती म्हणाला. “आता तिथं मोराची मान आहे.”

गुरुजींनी चष्मा पुसून परत घातला. मोर तिथेच होता. “ती मान जरा बाजूला घेता आली नसती?”

“आकडा बसवला की काठ तुटतो.”

“कशाचा काठ?”

“पैठणीचा.”

“इथं पैठणी कुठाय?”

निवृत्तीने पडद्याकडे पाहिलं. प्रश्न वाजवी होता.

“महिन्याने परत येतो,” गुरुजी उठत म्हणाले. “शिल्लक जागा मला दिसली पाहिजे. नाही दिसली, तर मोर आणि तुम्ही दोघंही तात्पुरते.”

घरी जेवताना निवृत्तीने सगळं सांगितलं. शकुबाई म्हणाली, “मोर काढून टाका की.”

“ते कसं शक्य आहे?”

“का? माझ्या लग्नात पैठणी नव्हती, मी बोलले का कधी?” ती कधीच बोलली नव्हती, फक्त दर दिवाळीला आठवण करून देत असे. तिचं माहेर वणीचं. भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, “आमच्याकडं पावसाळा सरला की मोर पिसं टाकतो. लांडा होतो, पण कुणी त्याला कोंबडी म्हणत नाय.”

निवृत्तीचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने आकड्याचा नाद सोडला. मोराच्या पिसाऱ्यात वीस डोळे होते, प्रत्येक म्हणजे एक इंग्रजी ओ. डिस्क रिकामी असली तर वीसही डोळे दिसतील. जागा भरत गेली, की एकेका डोळ्याच्या जागी कोरं घर येईल. ओ काय आणि कोरं काय, घर एकच. काठ हलणार नाही. हाच मोर त्याने सगळ्यांना दिला; डिस्क भरलेली, त्यामुळे एकही डोळा नसलेला.

“शेवटी मोर मिळाला,” सुमनबाई म्हणाल्या, “तोही चाई पडलेला.”

खंडेरावांनी नकळत स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

मोराची दया सगळ्यांना आली. आपलं काही पुसायला मात्र कुणी तयार होईना. खंडेरावांनी वार्षिक सभेचं एकच भाषण सात प्रकारे साठवलं होतं आणि सातही त्यांना आवडत होते. सुमनबाईंच्या भजनी मंडळाची यादी आत होती. ती पुसणं म्हणजे पाप. निवृत्तीने जुन्या मुनिया जपून ठेवल्या होत्या. अखेर गुरुजी यायच्या आदल्या दिवशी खंडेरावांनी जड मनाने दोन भाषणं पुसली आणि मोराला पाच डोळे फुटले.

गुरुजींनी ते पडद्यावर बोट टेकवून मोजले. “पाच. म्हणजे चौथा हिस्सा शिल्लक. हे मला आकड्याविना कळलं,” ते म्हणाले. जाताना त्यांनी विचारलं, “तो पोपट होता म्हणे, तो कुठं गेला?”

पंधरा दिवसांनी आदेश निघाला: ‘श्री. नि. पुं. दिवटे, संगणक चालक, यांनी यंत्रणेतील शिल्लक साठवण क्षमता सर्व संबंधितांच्या त्वरित निदर्शनास यावी याकरिता सचित्र व्यवस्था कार्यान्वित केली असून, तीमुळे यंत्रणेच्या वापरास कायमस्वरूपी शिस्त लागल्याचे समितीस आढळून आले आहे. सबब, त्यांना सदर पदावर कायम करण्यात येत आहे.’

हा आदेश टाइपरायटरवर टाइप करावा लागला. त्या दिवशी मोराला एकही डोळा नव्हता.