धाटावची मिनती

मिनती गेली हे मला रोह्याच्या एसटी स्टँडसमोरच्या बॅनरवरून कळलं. 'रोह्याची लाडकी लेक, नृत्यांगना कु. मीना'… खाली हात जोडलेले सात पुरुष, प्रत्येकाचा चेहरा तिच्यापेक्षा मोठा. काविळीनं आठ दिवसांत गेलेल्या पोरीचं नावसुद्धा धड लिहिलं नव्हतं. मला रडू नाही आलं, किळस आली. दीड महिना झाला, ती अजून गेलेली नाही.

तिचे आईवडील ओडिशातून रोह्याजवळ धाटावला आले. वडील कंपनीत ड्रम भरायचे. एका खोलीत पाच माणसं, कपड्यांना केमिकलचा वास. शाळेत पोरी नाक दाबायच्या, म्हणून बाईंनी तिला माझ्या बाकावर बसवलं. बाकाखाली तिचे पाय सतत ताल धरून असायचे. "मला इथून जायचंय," म्हणायची, "पण ओडिशाला नाय. तिथं मला मराठी म्हणून चिडवतात."

"मग जाशील कुठं?"

"नाचताना असते ना मी… तिथं."

पेणला नाचाच्या क्लासला ती एसटीनं जायची. घरी सरावाला जागा नव्हती. पाच वाजता क्लासवरून घरी यायची, खाट भिंतीला उभी करायची, आणि तेवढ्या फरशीवर नाचायची. पुढं पेणला तीच शिकवायला लागली.

दर गौरीला ती आमच्या गावी, निडीला यायची. दुपारी अंगणात बायकांचा फेर धरतात. म्होरकी विचारते, "कोनाची गो लेक?" आणि स्वतःच एकेकीचं माहेर आणि नाव गाते, जिचं नाव येईल तिनं मधे येऊन गिरकी घ्यायची. माझी चुलती यमुकाकी म्होरकी. ती मिनतीला दरसाल गाळायची.

"तिचा गाव कंचा? कंपनी बंद झाली का जातील निघून."

"काकी, तालुक्याच्या स्पर्धेत तर तिलाच पुढं केलंत. ढाल कुणी आणली?"

"ती स्पर्धा. ही गौर हाय गो, गौर!"

मी घरातली पहिली पदवीधर. मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. बी.ए. झाले त्या वर्षी काकीचा घसा बसला आणि बायकांनी मलाच म्होरकी केलं. फेर फिरत मिनतीपाशी आला. तिनं अर्धं पाऊल आधीच पुढं टाकलं होतं. सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या… आणि मी पुढचीचं नाव घेतलं. मिनतीनं पाऊल मागं घेतलं, ताल मात्र चुकवला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा आली.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी गेले. खाट भिंतीला उभी होती. "पाच वाजले ना," तिची आई म्हणाली, "हात आपोआप करतो." मग माझ्याकडे बघून विचारलं, "ते गाणं तूच म्हणायची ना? मिनती दरसाल येऊन मला म्हणून दाखवायची." आणि आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत, हळू आवाजात ती गायला लागली: "कोनाची गो लेक… धाटावची मिनती…"

ही ओळ आमच्या अंगणात कुणी कधी म्हटलीच नव्हती.

"हो काकू," मी म्हणाले, "मीच म्हणायचे."

बॅनरवर त्या सातांशेजारी माझाही फोटो खपला असता. खोलीतली मधली फरशी पाय घासून गुळगुळीत झालीय. तिच्यावर पाय ठेवायची माझी हिंमत झाली नाही. भिंतीच्या कडेकडेनं बाहेर पडले.