पांढरा पापुद्रा

माधवनगरच्या बाजारात धोंडिरामचं मटणाचं दुकान बत्तीस वर्षं चाललं होतं. बकरं टांगायचा आकडा त्यानं स्वतःच्या उंचीला बेतून ठोकलेला. आता उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. आकडा तिथवर खाली घ्यावा, तर बकरं जमिनीला टेकलं असतं.

तालमीतल्या वस्तादाकडून त्यानं खांदा रगडून घेतला. वस्तादानं गुडघा लावला. मग पंधरा दिवस घास तोंडापर्यंत जाईना.

"आवं, शेजारचा भाऊसो दुकान इकत मागतोय," बायको लीलाबाई म्हणाली. "दिऊन टाका. लय झालं."

"दिवाळीपतुर थांब."

"तवा काय नवा हात फुटनार हाय व्हय?"

मिरजेच्या दवाखान्यात आम्रपाली नावाची फिजिओथेरपिस्ट होती. तिनं काखेखाली बरगडीवर तळवा ठेवला आणि नुसताच ठेवला.

"दाबा की मॅडम. भ्याला का काय?"

"थांबा काका. स्नायूंवर एक पातळ आवरण असतं, अंगभर जोडलेलं. फॅशिया म्हणतात. आपण हललो की त्याचे थर एकमेकांवर सरकतात. हलणं थांबलं की..."

"पांढरा पापुद्रा," धोंडिराम म्हणाला. "वला. मटणाला धरून असतोय."

"तुम्ही पाहिलाय?"

"रोज बघतो. सोलून कुत्र्याला टाकतो."

ती हसली. तो छताकडे बघत राहिला. बकरं सोलताना कातड्याखाली मूठ घातली की ती आपोआप सरकत जायची. पण लांबून तहानलेल्या आलेल्या बकऱ्याचं कातडं सुटता सुटायचं नाही. ओढलं की फाटायचं. म्हणून तो प्रत्येकाला आधी पाणी पाजायचा, आणि मुठीला घाई करू द्यायचा नाही. एवढं कळत असून तो वस्तादाच्या गुडघ्याखाली गेला होता. आपल्या सदऱ्याखालीही तेच असेल, हे बत्तीस वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं.

"वढून न्हाई सुटायचं," तो स्वतःशीच म्हणाला.

"नाहीच. रोज, हळू, दुखायच्या अलीकडे थांबायचं."

दुकानाच्या भिंतीवर तो सकाळ-संध्याकाळ बोटं चढवू लागला. लीलाबाई कोळशानं खूण करायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "काय रं धोंडिबा, पाल धरतोस काय?"

"व्हय. तुला अर्धा किलो देतो."

खुणा वर सरकत होत्या. काही दिवस सरकतही नव्हत्या. दिवाळीच्या आदल्या रविवारी त्यानं हात वर केला. आकडा अजून चार बोटं वर राहिला. तो बराच वेळ तसाच उभा राहिला.

मग त्यानं लीलाबाईकडं स्टूल मागितलं, आकडा उपटला आणि चार बोटं खाली ठोकला. बकरं जमिनीपासून वीतभर वर राहणार होतं. तेवढं पुरे होतं.

"भाऊसोला सांग," तो म्हणाला, "दुकान हाय अजून."

दुपारी मांडीचा पापुद्रा त्यानं अंगठ्यानं हळूच सोडवला. तो अखंड निघाला. धोंडिरामनं तो क्षणभर उजेडाला धरला, आणि नेहमीसारखा कुत्र्याला टाकला.