गाड्यावरची सास

भांडगावला हायवेवर आमचा फिंगर चिप्सचा गाडा होता. आजूबाजूला नव्या कंपन्या आलेल्या, गिऱ्हाईक सगळं कामगारांचं. सॉसला आम्ही तवा 'सास'च म्हणायचो. एकदा मी हिंदी बोलणाऱ्या पोरांना विचारलं, "सास चाहिए क्या?" पोरं खो खो हसत सुटली. त्यांच्यात सास म्हंजी सासू! आन् माझी सासू, आमच्या आत्याबाई, मागंच बटाटे चिरत बसलेल्या. त्यांच्याकडं बघून पोरं आणखीच हसली.

माझं डोकंच तापलं. पण आत्याबाई गपचूप उठल्या. बाटलीतला लाल सॉस त्यांना कधीच पटला नव्हता. 'गोड चिखल' म्हणायच्या त्याला. त्यांनी तो वाडग्यात ओतला, त्यात घट्ट दही आन् लसणाचा ठेचा कालवला आणि वाडगं पोरांपुढं आदळलं. "घ्या सास!"

पोरांनी चिप्स बुडवून बुडवून वाडगं पुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पोरं अख्खी शिफ्ट घेऊन आली. मी मुद्दामच विचारलं, "कौनसी सास? बोतलवाली या पीछेवाली?"

"पीछेवाली!" सगळे एकदम ओरडले.

मागून आत्याबाई गरजल्या, "मग हसायचं न्हाई. रांगेनं या!"