कोरडे हात

हात बघून माप सांगणं ही आमच्या घरातली विद्या आहे. औंढ्याला नागनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत मायचं बांगड्यांचं दुकान आहे आणि मी त्याच दुकानाच्या गादीवर वाढले. समोर बाई येऊन बसली की माय तिच्या तोंडाकडे नंतर बघते, आधी हाताकडे. सव्वादोन, अडीच, जे काय असेल ते तिच्या मनात ठरतं आणि तोच डबा खाली येतो. हे माप मनगटाचं नसतं. अंगठा आत दुमडल्यावर पंजा जिथं सगळ्यात रुंद होतो, तिथलं असतं. बांगडी तिथून पार झाली की पुढं मनगटावर ती मोकळीच खेळते. मला हे लिहिता-वाचता येण्याआधी येत होतं.

दुकानात मात्र मी बसले नाही. मी पाणबुड्याचं काम करते. धरणांच्या झडपा, जाळ्या, भिंतींच्या भेगा पाण्याखाली जाऊन बघायच्या आणि जमेल ते तिथंच दुरुस्त करायचं. गल्लीत मला पाणबुडी म्हणतात. आधी राग यायचा, आता सरळ ओ देते.

मागच्या हिवाळ्यात आमच्या तुकडीला हिमालयातल्या एका धरणाचं काम मिळालं. तिथलं पाणी म्हणजे नुकताच वितळलेला बर्फ. माझ्या अंगात ड्रायसूट होता, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा पोशाख, आणि त्याच्या आत लोकरीचे कपडे. हातात मात्र साधे जाड रबरी मोजे होते. त्यांच्यात पाणी शिरतं आणि ते अंगाच्या उबेनं गरम होईल अशी आशा धरायची असते. ते काही गरम झालं नाही. थोड्याच वेळात बोटं बधिर झाली. पाना हातात आहे की नाही हे डोळ्यांनी बघावं लागत होतं, आणि बघता बघता तो सुटलाच. झडपेचे बोल्ट तसेच सोडून मी वर आले आणि माझ्या जागी दुसऱ्याला खाली जावं लागलं.

आमचे साहेब, म्हणजे तुकडीचे प्रमुख, माणूस वाईट नाही. पण ते सांगतात, विचारत नाहीत. "पुढच्या हिवाळ्यात आपल्याला इथंच यायचंय," ते म्हणाले. "तोवर हातांचं काही केलंस तर पाण्यात जा. नाहीतर काठावर बसून बाकीच्यांचा दोर सांभाळ." काठावरचं कामही जबाबदारीचं असतं, मला मान्य आहे. पण एकदा काठावर बसवलेल्या माणसाला पुन्हा कुणी उठवत नाही, हेही मी बघितलं आहे. मला ते नको होतं. अजिबात नको होतं.

उपाय एकच होता, कोरडे मोजे. मोजा सूटच्या बाहीला असा जोडायचा की हाताला पाणी लागणारच नाही. तुकडीच्या सामानात त्याचे दोन प्रकार पडून होते. ते, माझा सूट आणि हवेची टाकी असं एक बोचकं घेऊन मी तुळशीच्या लग्नाच्या सुमारास सुट्टीवर घरी आले. लग्नसराई सुरू होत होती, दुकानात बायकांची रीघ होती, आणि त्यांच्या मधे मी गादीवर रबर पसरून बसले.

पहिल्या प्रकारात मोजा थेट बाहीला कायमचा चिकटवायचा होता. मायनं तो हातात घेऊन उलटसुलट केला.

"अन नाक खाजवलं तं?"

"तसंच राहायचं."

"अन ह्ये फाटलं तं?"

"बाहीसकट सगळा सूट दुरुस्तीला."

"म्हंजे बांगड्या भरायच्या अन वरून हातच शिवून टाकायचा," असं म्हणून तिनं तो बाजूला ठेवला. मलाही तो नकोच होता.

दुसऱ्यात रिंगा होत्या. एक बाहीत बसवायची, एक मोज्यात, आणि दोन्हींच्या मधे रबराचं बारीक कडं. एक रिंग दुसरीत दाबली की टक्‌ करून बसते आणि पाण्याला वाट उरत नाही. त्याच्याही आत मनगटाला घट्ट बसणारं सूटचं स्वतःचं रबरी सील असतं, मोजा फाटलाच तर पाणी सूटमध्ये जाऊ नये म्हणून. प्रकार मला पटला, पण सामानातल्या रिंगा साहेबांसारख्या दांडग्या पंज्यांच्या होत्या. माझ्या मनगटाभोवती त्या नुसत्या गरागरा फिरायच्या. बनवणाऱ्यांनी मापाचा तक्ता दिला होता आणि तो मनगटावरून होता. तक्त्याप्रमाणे मला सगळ्यात लहान रिंग लागायला हवी होती. तो वाचून मी हसले. ज्यानं तक्ता केला त्यानं आयुष्यात कुणाच्या हातात बांगडी भरली नव्हती, एवढं नक्की.

आम्ही आमच्या पद्धतीनं माप घेतलं. मी आतला लोकरीचा मोजा घातला, कारण वरच्या मोज्याची रिंग त्या लोकरीवरूनच जायची होती. मायनं पितळी बांगड्या एकेक करून चढवल्या. जी न ओढता, न घसटता पंज्यावरून गेली, तिच्या मापाची रिंग मी मागवली. ती तक्त्यातल्या मधल्या आकाराची निघाली. बोटांचाही घोळ होता. रबरी मोज्याची बोटं माझ्या बोटांपेक्षा लांब होती, आणि टोकाला रिकामं रबर लोंबत असलं की बोल्ट जाणवत नाही. त्यासाठी वसमतला जाऊन एका हार्डवेअरच्या दुकानातले सगळे रबरी मोजे हातात घालून बघितले. दुकानदार वैतागला, पण मला हवी तशी जोडी मिळाली.

रिंगा आल्या, बाहीत बसवल्या, मोजे त्यांच्या रिंगांवर ताणून चढवले. आता ते एकटीनं घालता यायला हवे होते. डावा हात सोपा असतो. उजव्याच्या वेळी डाव्यावर आधीच जाड रबर चढलेलं असतं आणि बोटांत जोर येत नाही. मी रिंग गुडघ्यावर टेकवून वरून अंगाचा भार द्यायला शिकले. टक्‌ आवाज आला की बांगड्या भरायला आलेल्या बायका माना हलवायच्या. एकीनं विचारलं, "ही कुठली नवी फॅशन निघाली, बाई?" मायनं तोंड वर न करता सांगितलं, "थंड्या पाण्याची."

पण तिच्या बोलण्यात माया नव्हती, टोमणा होता. मी काठावर बसावं असंच तिला मनातून वाटत होतं. दोर धरायचा, पगार घ्यायचा, जीव सुखरूप. काय वाईट आहे, असं ती मला रोज भाकरी वाढताना ऐकवायची.

मग मी बर्फ आणला. रसवंतीवाल्याला सांगून एक लादी घेतली आणि मागच्या अंगणात पाण्याच्या पिंपात फोडून टाकली. सूट आणि मोजे चढवून दोन्ही हात पिंपात घातले आणि पाण्याखाली बोल्टवर नट फिरवत बसले. उजवा हात उबदार राहिला. डाव्यात मात्र पाणी झिरपायला लागलं. रिंग उघडून बघितलं तर आतल्या लोकरीचा एक धागा त्या रबरी कड्यावर आडवा पडला होता. केसाएवढा धागा, पण पाण्याला तेवढी वाट पुरते. मी लोकरीच्या मोज्यांची किनार कापून आत दुमडून शिवली.

मी शिवत होते तेव्हा मायनं, का कोण जाणे, आपला उघडा हात पिंपात घातला. मी जितका वेळ हात ठेवला होता तितका तिनंही ठेवायचा प्रयत्न केला, हट्टी आहेच ती. हात बाहेर काढला आणि सवयीनं शेजारच्या डब्यातली बांगडी उचलायला गेली. बांगडी तिच्या बोटांतून निसटली आणि फरशीवर फुटली. उभा जन्म काच हाताळणारी माय फुटक्या तुकड्यांकडे बघत राहिली.

"असं झालं व्हतं तुला?"

"व्हय."

"मंग आधी काहून न्हाई सांगितलं?"

सांगितलं होतं, फोनवर. पण थंडी फोनवरून कळत नाही. मी तिचा हात माझ्या दोन्ही हातांत घेऊन चोळत बसले. मला फार बरं वाटलं, कारण माझं दुखणं पहिल्यांदाच तिला नीट कळलं होतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आता ह्ये बसलंच पायजे बराबर." काठावर बसण्याची भाषा त्यानंतर घरात झाली नाही.

राहिली खोल पाण्यातली चाचणी. पिंपात खोली नसते, ती मामाच्या विहिरीत होती. मामाचं हळदीचं रान गावाबाहेर आहे आणि त्याची विहीर भरपूर खोल आहे. निघायच्या आधी माय देवळात जाऊन आली आणि तिथला लाल दोरा तिनं माझ्या उजव्या मनगटाला करकचून बांधला. तो काढायची माझी हिंमत नव्हती.

माय विहिरीच्या काठावर बसली, मामानं मोटर बंद केली आणि माझ्या कमरेचा दोर हातात घेतला. "तकलीफ झाली तं दोर हालव. लाजू नको." ऊन चांगलंच होतं आणि मी लोकरीत गुंडाळलेली, त्यामुळे पाण्यात जायच्या आधीच घामानं निथळत होते. खाली गेले. पाण्याच्या दाबानं सूट आवळायला लागला तशी त्यात टाकीतली हवा सोडली, अंग मोकळं झालं. पण डावा मोजा हाताला चिकटला, रबराच्या घड्या कातडीत रुतायला लागल्या आणि बोटं वळेनात. उजवा हात मात्र मजेत होता. दोन्ही रिंगा सारख्या, दोन्ही मोजे सारखे, आणि हा फरक कशाचा ते कळेना.

वर येऊन मोजे काढले तेव्हा दिसलं. उजव्या सीलखाली मायचा दोरा आडवा गेला होता. त्याच्या कडेनं सूटमधली हवा मोज्यात जात होती, म्हणून तो हात आवळला गेला नाही. डावीकडे सील चोख बसलं होतं, त्यामुळे मोज्यातली थोडीशी हवा खोलीवर दबून गेली आणि नवी हवा यायला वाटच नव्हती. मी मायच्या पिशवीतून दुसरा दोरा काढला, डाव्या मनगटावर सीलखाली सरकवला आणि पुन्हा उतरले. तळाशी जाऊन दोन्ही मुठी उघडल्या, मिटल्या. बोटं हवी तशी वळत होती. त्या काळ्या पाण्यात मी एकटीच मोठ्यानं हसले.

वर आले तेव्हा लोकर ओली होती. माझा चेहरा पडलेला बघून माय म्हणाली, "रडून काहून राहिली? जीभ लावून बघ." लावली. खारट होतं. विहिरीचं पाणी गोड आहे, म्हणजे ओल घामाची होती. मामानंही खात्री करायची म्हणून बोट लावून चाखलं आणि तोंड वाकडं करून मान डोलावली. श्रेय मायनं नागनाथाला दिलं, मी हवेला दिलं, आणि आम्ही तिघांनी बांधावर बसून पिठलं-भाकरी खाल्ली.

संध्याकाळी साहेबांना फोन करून मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्यासाठी सीलखाली बारीक नळी घालतात. जगभर घालतात." मग आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तू विचारलं नाहीस." माझा तोरा थोडा उतरला, पण फार वेळ नाही. जगभर काय करतात ते आम्हाला हळदीच्या रानात सापडलं होतं, आणि नळीच्या जागी माझा दोरा चांगला चालत होता.

हिवाळ्यात आम्ही त्याच धरणावर गेलो. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं. दोन झडपा बघायच्या होत्या आणि पहिलीसाठी साहेबांनी मला पाठवलं. दोन्ही रिंगा मी गुडघ्यावर टेकवून स्वतः लावल्या, कुणाला हात लावू दिला नाही. खाली अंधार होता. मी दिव्याच्या उजेडात बोल्ट शोधले आणि एकेक सोडवला. पान्याचा धातू, बोल्टची कड, गंजाचा खरबरीतपणा, सगळं बोटांना कळत होतं. झडपेची झिजलेली रबरी पट्टी बदलली, बोल्ट परत आवळले, एकदा तपासले आणि आनंद होत होता म्हणून पुन्हा एकदा तपासले. पाना हातातच होता.

वर आले तेव्हा पाय लाकूड झाले होते आणि दात वाजत होते. साहेबांनी माझा मोजा काढला आणि माझा पंजा आपल्या हातात धरला. त्यांचाच हात गार होता. त्यांनी मागे बघितलं. जे दोघं जाळी साफ करायला माझ्या आधी उतरून आले होते, ते शेकोटीशी काखेत बोटं घालून बसले होते. साहेबांनी माझ्या मोज्याच्या आत बोट घालून बघितलं. मग म्हणाले, "थोडं शेकून घेतल्यावर दुसरी झडपही तू करशील का?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. "व्हय," मी म्हणाले, आणि मोजा परत घेण्यासाठी हात पुढे केला.