आरागिरणीमागचं जंगल

मुलगा बोस्नियातल्या एका आरागिरणीत कामाला गेला, तेव्हापासून माझा एजंटावर विश्वास नव्हता, आणि तिथल्या घरमालकिणीवर तर मुळीच नाही. व्हिडिओ कॉल लावला की ती म्हातारी मागे उभीच. आमची भाषा कळत नसेल, पण कान आमच्याकडे. म्हणून मी आधी विचारायचो, "ते बुढी कुठं हाय?" ती नसली की मगच पुढचं बोलणं.

लाखनीच्या माझ्या दुकानात बसून मी नकाशावर त्याचं गाव मोठं करून पाहिलं होतं. मधून नदी, दोन्ही अंगांना डोंगर, डोंगरभर जंगल. तो फोनवरून दाखवायचा ते मात्र भलतंच. घरांना छप्परं नाहीत, खोल्यांत झाडं वाढलेली, भिंतींना भोकं.

"युद्ध झालं होतं बाबा, माह्या जन्माच्या आंधी. या डोंगरावर एक फौज, त्या डोंगरावर दुसरी."

मला पटेना. इतक्या वर्षांत कोणी साधी भिंत लिंपू नये? शिवाय पोरगा कधी डांबरी रस्ता सोडून चालताना दिसायचा नाही. का, तर म्हातारी जंगलात जाऊ देत नाही.

"जंगल का तिच्या बापाचं हाय? तुहा पासपोर्ट कोणापाशी हाय?"

"माह्यापाशीच हाय, बाबा."

हेही तिनंच पढवलं असणार, असं मी बायकोला म्हटलं.

एका रविवारी तिकडे पाऊस पडून गेला होता. पोरगा डांबरी रस्त्यानं चालत बोलत होता, म्हातारी मागून येतच होती. आमच्या एकोडी गावात अशा पावसानंतर घरोघरचे लोक सात्या, म्हणजे रानातली अळंबी, शोधायला निघतात. बोलता बोलता पोराला रस्त्यालगतच्या झाडाखाली पांढऱ्या छत्र्या दिसल्या.

"माय, सात्या!"

माझ्या खांद्यावरून डोकावत बायको म्हणाली, "मंग तोड ना!"

झाडावर लाल पाटी होती. वनखात्याची असेल, असंच आम्हा तिघांना वाटलं.

त्यानं पाऊल उचललं आणि म्हातारी किंचाळली. फोन खाली पडला. आम्हाला नुसतं आकाश दिसत होतं, झटापट ऐकू येत होती. मी दुकानातून ओरडलो, "सोड त्याले! पोलिसात देईन तुले!"

पोरानं फोन उचलला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं लांबूनच पाटी दाखवली. तिच्यावर कवटी होती. लढाईत पेरलेले सुरुंग अजून त्या मातीत आहेत. म्हातारी धापा टाकत बोलत होती, आणि पोरगा कामापुरत्या शिकलेल्या तिच्या भाषेतून कळेल तेवढं आम्हाला सांगत होता. युद्ध संपल्यावर तिचा नवरा त्याच जंगलात सरपण आणायला गेला होता.

"वापस नाही आला, बाबा."

तिची मूठ अजून पोराच्या कॉलरवर होती. बायको रडायला लागली. मी हात जोडले. म्हाताऱ्या बाईला ते दिसले की नाही, कोण जाणे.

एजंटावर माझा अजूनही विश्वास नाही. फोन लागला की पहिला प्रश्नही तोच, "ते बुढी कुठं हाय?" ती मागे दिसली की मगच पुढचं बोलणं.