आठे पातळ टिकस नही

लग्नाला लोक अक्षता टाकायला जातात, वसंतनाना बॉनेट उघडायला जायचे. मंडपाबाहेर गाड्यांची रांग दिसली की त्यांचे पाय आपोआप तिकडे वळत. "भाऊ, जरा उघड बरं." मालक ओळखीचा असो वा नसो. तेल मोजायची पट्टी बाहेर ओढायची, टोकाचा थेंब अंगठा आणि पहिल्या बोटात धरायचा, डोळे मिटून चोळायचा आणि निकाल द्यायचा : "हाई तेल शे का पानी?" भुसावळला एकदा त्यांनी सजवलेली नवरदेवाची गाडीच अडवली. मुहूर्त टळून गेला, भटजी घामाने विरघळले, तरी अख्खं वऱ्हाड नानांच्या चिमटीकडे बघत उभं होतं. शपथेवर सांगतो. शपथ माझी असल्यामुळे थोडी वजाबाकी तुम्ही करून घ्या.

जळगावात मेहरूणला नानांचं आणि माझं अशी दोन घरं, मधली भिंत एक. नाना मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले, त्यामुळे बोली अस्सल अहिराणी. जन्मभर त्यांनी जळगाव-पहूर काळीपिवळी जीप चालवली. त्या जीपमध्ये आत माणसं बसत, बाहेर माणसं लटकत आणि टपावर बकऱ्या प्रवासाचा आनंद घेत. पुढचं इंजिन वयाने नानांहून थोडंच लहान होतं. आतून इतकं झिजलेलं, की त्यात साधं तेल ओतलं तर ते पहूर येण्याआधी धूर होऊन निघून जायचं. म्हणून नाना बाजारातलं सर्वांत घट्ट तेल टाकत. डब्यावर वीस-पन्नास लिहिलेलं, मधासारखं. आणि त्या जीपला ते मानवायचं, हे मला मान्य करायलाच हवं.

शिवाय आमचं ऊन. आमच्या गल्लीतलं एक कुत्रं मे महिन्यात विजेच्या खांबाच्या सावलीत उभं राहतं आणि सावली सरकेल तसं सरकतं. लोक कुत्र्याकडे बघून दुपारचा चहा टाकतात. असल्या उन्हात नानांनी एक धर्म काढला होता, आणि त्याचं वाक्य एकच : "जळगावनं ऊन शे हाई, भो. आठे पातळ टिकस नही." म्हणजे इथे पातळ काही टिकत नाही. हा धर्म इंजिनापुरता राहिला नाही. वरण बट्टीवर टाकण्याआधी चिमटीत तपासलं जाई. शेवभाजीची तर्री चमच्यावरून किती सावकाश उतरते ते बघितलं जाई. अक्का, म्हणजे त्यांची बायको, ताक समोर ठेवून म्हणायच्या, "घ्या. बोट घालीसन द्या सर्टिफिकेट." नाना खरंच बोट घालत.

जीप भंगारात गेली त्या दिवशी नाना जेवले नाहीत. म्हणून मुलाने, प्रदीपने, पुण्याहून त्यांना नवी छोटी पेट्रोल गाडी पाठवली. सोबत पुस्तक. पुस्तकात लिहिलं होतं : तेल शून्य-वीस. म्हणजे अगदी पातळ. नानांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते छापलं होतं.

पहिल्या सर्व्हिसिंगला मी सोबत होतो. तिथल्या माणसाने शांतपणे समजावलं, "काका, यातला पहिला आकडा गाडी थंड असतानाचा, दुसरा इंजिन तापल्यावरचा. नव्या इंजिनात फटी केसासारख्या बारीक असतात. घट्ट तेल सकाळी वरपर्यंत चढायलाच वेळ लावतं, तोवर इंजिन कोरडं घासतं. उन्हाळ्याची भीती वाटत असेल तर तीस टाकू, पुस्तकात तेवढी मुभा आहे. पन्नास नको."

"पुस्तक कोणता गावमा छापं?" नानांनी विचारलं. "तठे मे महिना ऱ्हास का?"

त्या माणसाने पुस्तक मिटलं आणि बिल पुढे केलं. घरी येऊन नानांनी निंबाखाली गाडीतलं सगळं नवं तेल काढून टाकलं आणि वीस-पन्नास ओतलं. मी हात धरला, प्रदीपने फोनवरून पाय धरले. उपयोग शून्य.

मग भर मे महिन्यात आम्ही धुळ्याला एका लग्नाला निघालो. गाडी सकाळी चालू होताना खडखडली, चढावर कण्हली, आणि पेट्रोल असं प्यायली की पारोळ्याच्या पंपावरच्या पोराने टाकी फुटकी आहे का ते वाकून बघितलं. पण धुळे आलं. नाना मंडपासमोर उतरले, बॉनेटवर थाप मारली आणि माझ्याकडे वळले. "पोचनूत का नही? इंजिन काही बोलनं का? मंग!"

सांगा, यावर काय बोलायचं? इंजिन झिजतं ते आतल्या आत, वर्षानुवर्षं. जो माणूस धुळ्याला पोचला आहे, त्याला तू चुकलास हे पटवणारा अजून आमच्या खानदेशात जन्मलेला नाही.

पुढच्या दिवाळीत नानांच्या छातीत धडधडू लागलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाचे ठोके बिघडलेत, रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते. रोज एक गोळी, कायमची. रक्त पातळ करायची.

'पातळ' म्हटल्याबरोबर मी नानांच्या तोंडाकडे पाहिलं. पण थंडीचे दिवस होते. नाना मुकाट गोळी घेत राहिले. होळी पेटली, ऊन चढलं, आणि एके दिवशी ओट्यावर बसून त्यांनी जाहीर केलं, "गोळी बंद. हिवाळाभर लिधी ना? आते ऊन लागनं. आते रगत पातळ करीसन मरू का?"

अक्का भिंतीपलीकडून धावत माझ्याकडे आल्या. "तू सांग ना रे भाऊ. तुनं ऐकतीन."

मी आयुष्यभर थापा मारल्या, पण त्या महिन्यात जितक्या मारल्या तितक्या कधीच नाही. पहूरला गोळी सोडलेला एक माणूस निर्माण केला, त्याला लकव्याने पाडला, त्याच्या पोरींची लग्नं मोडली. नानांनी शांतपणे विचारलं, "त्यानं आडनाव काय? पहूरनं घरन् घर माले माहीत शे." तिथेच माणूस वारला.

शेवटी मी त्यांच्याच भाषेत शिरलो. म्हटलं, "नाना, ही गोळी तेल पातळ करत नाही. तेलात गाळ धरू देत नाही."

नाना थबकले. चिमूट आपोआप चोळली गेली. "गाळ?"

"गाळ. रक्त आहे तेवढंच घट्ट राहतं. फक्त नळीत गाळ अडकत नाही."

"मंग डॉक्टर पातळ का म्हने?"

"चला, त्यांनाच विचारू."

गेलो. बाहेर पेशंट दारापर्यंत, आत डॉक्टरांच्या कानाला फोन. नानांनी विचारलं, "साहेब, ती गोळी गाळनी शे का पातळ करानी?" डॉक्टर चांगला माणूस, पण घाईत. फोनवर हात ठेवून हसून म्हणाले, "हो हो आजोबा, रक्त पातळ करायचीच आहे. रोज घ्यायची, बरं का." आणि पुढचा पेशंट आत आला. मी मागून "डॉक्टर, गाळ, गाळ म्हणा" असे हातवारे करत राहिलो. नाना दारात थांबून माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे, दयेने. खोटं पकडलं गेलेल्या पोराकडे बघावं तसे.

अक्कांनी मग गोळी कुटून ताकात घातली. नानांनी बोट बुडवलं, चोळलं, वाटी खाली ठेवली. "काय मिसळं यामा?" प्रदीप पुण्याहून आला, रडला, भांडला, परत गेला. ऊन वाढत होतं. आम्ही तिघं त्या एका माणसाभोवती त्या खांबाच्या कुत्र्यासारखे सरकत होतो, आणि सावली काही आमच्या हातात नव्हती.

वैशाखात एका सकाळी नाना गाडीची पट्टी ओढायला गेले आणि पट्टी हातातून गळाली. ती उचलायला वाकले ते उठले नाहीत. दवाखान्यात मीच नेलं, त्याच गाडीतून. ती खडखडत होती आणि मागच्या सीटवर नाना काहीतरी सांगू पाहत होते. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. गुठळीच होती.

घरी सोडताना दवाखान्यातल्या बाईंनी अक्कांना नीट समजावलं. "यांना गिळायला त्रास होतोय. पाणी, चहा, ताक, पातळ असं काहीही द्यायचं नाही, श्वासनळीत जाईल. ही पावडर घालून सगळं घट्ट करून द्या. पातळ अजिबात नको."

मी नानांकडे पाहिलं. अर्धं तोंड निर्जीव होतं. उरलेलं अर्धं माझ्याकडे बघून हसत होतं. धुळ्याच्या मंडपासमोर हसलं होतं, अगदी तसंच.

त्यानंतर थंडी पडेपर्यंत नाना जगले. मी रोज जायचो. एकही गोष्ट मला सांगता यायची नाही. ज्याला खोडून काढायला समोर कुणी नाही, ती थाप मारून काय करायची? अक्का वाटीत ताक घेत, पावडर घालून ढवळत, आणि थेंब आधी स्वतःच्या चिमटीत चोळून बघत. मग वाटी पलंगापाशी नेत. नाना डाव्या हाताचं बोट बुडवत, अंगठ्यावर टेकवत, डोळे मिटत. अक्का आणि मी भुसावळच्या त्या वऱ्हाडासारखे त्यांच्या चिमटीकडे बघत उभे.

मान हलली की अक्का चमचा पुढे करत.